शेवटचा टोमॅटो कुणी कापला?

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता. पण घाबरू नका, ही गोष्ट वाघाची नाही. वाघ उशिरा येतो, खातो आणि निकाल सांगून जातो. ही गोष्ट आहे चंद्राक्का नावाच्या एका सायाळीची आणि तिच्या टोमॅटोची.

सायाळ तुम्ही चित्रात पाहिली असेल. अंगभर लांब लांब काटे असतात ती. चंद्राक्कालाही होते. पण स्वभावाने ती इतकी मऊ, की ते काटे तिने कधी कुणावर उगारले नव्हते. दिवाळीच्या आधी घरातली कोळ्याची जाळी काढायला तेवढे ते उपयोगी पडायचे.

नदीकाठच्या गाळात जंगलातल्या बायका टोमॅटो लावत. प्रत्येकीचा एकेक वाफा. चंद्राक्काचा वाफा जांभळीच्या सावलीत होता, म्हणून तिच्याकडे सगळं जरा उशिरा पिकायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला कुठे जायचं होतं?

टोमॅटो लाल झाले की त्यांचं सार व्हायचं, कोशिंबीर व्हायची. हंगाम सरता सरता झाडावर काही हिरवेच राहून जायचे. मग त्यांचे काप व्हायचे. जाडसर चकत्या करायच्या, त्यांना मीठ, हळद, तिखट चोळायचं, तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायच्या आणि तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून खरपूस करायच्या. पोरं तव्याजवळूनच पळवायची. ताटात येईपर्यंत निम्मे संपलेले असायचे. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. कापांबद्दल बोलायचं काय असतं?

तिथे एक जुनी रीतही होती. वाफ्यातल्या सगळ्यात चांगल्या झाडाच्या एका गोमट्या फळाला चिंधी बांधायची. ते बियाण्याचं फळ. त्याला कुणी हात लावायचा नाही. सासूनेसुद्धा नाही. ते लाल होऊन, मऊ पडून, आपोआप गळायला आलं की त्यातलं बी राखेत चोळून वाळवायचं. पुढच्या लागवडीला तेच.

असं सगळं बरं चाललं होतं. मग कुमुदिनीताई परत आल्या.

कुमुदिनीताई म्हणजे वडावरच्या वानरीण. त्या लेकीच्या बाळंतपणाला दूर पश्चिमेकडच्या जंगलात गेल्या होत्या. राहिल्या सहा महिने, पण आल्यापासून "आमच्या तिकडे" म्हणत होत्या. आमच्या तिकडे झाडं सरळ वाढतात. आमच्या तिकडे पिसवासुद्धा रांगेत चालतात.

एके दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना पाणवठ्याजवळच्या सपाट खडकावर बोलावलं.

"आज मी तुम्हाला फ्राइड ग्रीन टोमॅटो शिकवणार आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय हो, ताई?" रेवती हरिणीने विचारलं. ती चंद्राक्काची शेजारीण.

"हिरवा टोमॅटो घ्यायचा. त्याच्या चकत्या करायच्या. पिठात घोळवायच्या. तळायच्या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चंद्राक्का भाबडेपणाने म्हणाली, "म्हणजे काप ना?"

कुमुदिनीताई हसल्या. तसं हसायलाही त्या तिकडेच शिकल्या होत्या. "नाही हो अक्का. काप वेगळे. काप आपण घरी करतो."

"मग हे कुठे करायचं?"

"हेही घरीच. पण ही रेसिपी आहे."

मग त्यांनी तीन ताटल्या मांडल्या. एकीत कोरडं पीठ, एकीत ताक, एकीत मक्याचं पीठ. चकती आधी ह्यात, मग त्यात, मग पलीकडच्यात. शेवटी भरपूर तेलात. पदार्थ चांगलाच झाला होता, खोटं कशाला बोला. खाण्याआधी त्याचा फोटो काढायचा असतो हेही त्यांनी शिकवलं. जंगलात मोबाइल कुठून आला असं विचारू नका, मुलांनो. जंगलात सगळं येतं. फक्त उशिरा येतं आणि मग जात नाही.

चंद्राक्कानेही घरी करून पाहिलं. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "काप झकास झालेत गं."

"काप नाहीत ते," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

तिला ते नाव नीट उच्चारता येईना. ती म्हणाली, "खा मुकाट्याने."

त्यानंतर जंगलाला दुसरं काही सुचेना. बारशाला तेच, डोहाळजेवणाला तेच, सशांच्या घरी श्राद्धालासुद्धा तेच. सकाळी पाणवठ्यावर बायका "कशी आहेस?" असं विचारेनाशा झाल्या. "कुरकुरीत झाले का?" असं विचारू लागल्या.

झाडावर टोमॅटो लाल होईपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता. बोराएवढं फळ दिसलं की तोडायचं. चुकून कुणाकडे एखादा लाल झालाच, तर शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणायची, "अगंबाई, लाल होऊ दिलात? घरात लक्ष नाही वाटतं हल्ली!" मग ती बिचारी तो लाल टोमॅटो पानाखाली झाकून गुपचूप खाऊन टाकायची.

सार बंद झालं. कोशिंबीर बंद झाली. तान्ह्या पिल्लांना तर टोमॅटो लाल असतो हेच माहीत नव्हतं.

पुढे उन्हाळा तापला आणि झाडांनी फुलं धरणं सोडलं. होते ते टोमॅटो कमी पडू लागले. कुमुदिनीताईंनी लगेच सांगितलं, की चकती जितकी पातळ तितका हात कसलेला. बायका चकत्या पातळ करू लागल्या आणि पिठाचा थर जाड. रेवतीच्या चकतीतून तर पलीकडचा डोंगर दिसायचा. ती ते सगळ्यांना बोलावून दाखवायची.

एक दिवस रेवतीची नणंद आली. घरात टोमॅटो नव्हता. रेवती वाफ्यात गेली, चिंधी बांधलेल्या फळासमोर जरा वेळ उभी राहिली, आणि तिने ते तोडलं.

"बियाण्याचं तोडलंस?" कुंपणापलीकडून चंद्राक्काने विचारलं.

"एकच तर आहे, अक्का. नणंद काय रोज येते? आणि तुम्ही ठेवताच की!"

दोन दिवसांनी विमलताई कोल्हिणीने आपलं तोडलं. विमलताई महिला मंडळाच्या चिटणीस. "मंडळाची मीटिंग होती, चहाबरोबर काहीतरी हवंच. बी काय, अक्कांकडे असतंच."

मग सशिणीने तोडलं. मग मुंगसांकडच्या दोन्ही जावांनी, एकीने तोडलं म्हणून दुसरीने. जी ती तोडताना एकच म्हणायची, "अक्का ठेवतातच."

खरं सांगायचं तर चंद्राक्काला हे ऐकून वाईट वाटत नव्हतं. उलट आत कुठेतरी बरं वाटत होतं. सगळं जंगल आपल्या भरवशावर आहे, ही काही लहान गोष्ट नाही. ती रोज सकाळी वाफ्यात जाऊन फळावरची धूळ पुसायची. नवरा म्हणायचा, "माझ्याकडे इतकं बघत जा कधी." ती म्हणायची, "तुम्हाला कुठे बी आहे?"

थोड्याच दिवसांत सगळ्या जंगलात मिळून एकच टोमॅटो उरला. चंद्राक्काच्या सावलीतल्या झाडावरचा. हिरवागार, टणक, चिंधी बांधलेला.

आणि नेमकं तेव्हाच मंडळाने पाककला स्पर्धा जाहीर केली.

कारणही तसंच होतं. कुमुदिनीताईंची लेक आणि जावई बाळाला घेऊन तिकडून येणार होते. त्यांच्या सन्मानार्थ फ्राइड ग्रीन टोमॅटो स्पर्धा. परीक्षक म्हणून वाघोबांना बोलावलं होतं. वाघोबांनी आयुष्यात टोमॅटो खाल्ला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

"पण टोमॅटो कुठाय?" मीटिंगमध्ये सशिणीने विचारलं.

कुमुदिनीताईंनी चष्मा पुसला.

"टोमॅटोचा एवढा अट्टहास कशाला?" त्या म्हणाल्या. "खरं कसब आवरणात असतं. आत काय आहे हे आमच्या तिकडे कुणी विचारतसुद्धा नाही."

बायकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी मक्याचं पीठ ताकात घट्ट भिजवलं, वाटीने गोल पाडलं आणि तेलात सोडलं. कुरकुरीत झालं. घरात सगळ्यांनी खाल्लं. टोमॅटोची कुणाला आठवण आली नाही. आली असती तरी कुणी बोललं नसतं.

फक्त एक अडचण राहिली होती. ती घेऊन विमलताई, रेवती आणि कुमुदिनीताई चंद्राक्काच्या दारात आल्या.

"या, बसा," चंद्राक्का म्हणाली. तिने पाणी दिलं. तिघींनी पाण्याला हात लावला नाही, तेव्हाच तिला कळलं.

"जावई तिकडून येतायत, अक्का," विमलताईंनी सुरुवात केली. "त्यांच्या पानात तरी खरा पडायला हवा. एक ताटली. बाकी आम्ही सांभाळून घेऊ."

"ते बियाण्याचं आहे," चंद्राक्का म्हणाली.

"ठाऊक आहे हो. पण जंगलाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"एका टोमॅटोत?"

"तुम्हाला कल्पना नाही," कुमुदिनीताई म्हणाल्या. "ते लोक फार बारकाईने बघतात."

"मग पुढच्या लागवडीला बी कुठून आणायचं, ताई?"

"बी मिळतं. कुणीतरी ठेवलेलं असतंच."

"कुणी?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. रेवती म्हणाली, "कुणीतरी."

चंद्राक्काचे काटे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. तिचं तिलाच नवल वाटलं. पण घरी आलेल्या बायकांसमोर असं बरं दिसत नाही, म्हणून तिने ते एकेक करून हाताने खाली बसवले आणि म्हणाली, "नाही देता येणार. माफ करा."

विमलताई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "राग मानू नका अक्का, पण लोक म्हणायला लागलेत, की अक्का हावरट झाल्या. सगळ्यांनी आपलं दिलं, ह्या एकट्याच धरून बसल्यात. आम्ही नाही हं म्हणत. लोक म्हणतात."

"कोण लोक?"

"आता इथे येताना वाटेत आम्हीच बोलत होतो ना," रेवती पटकन म्हणाली आणि विमलताईंनी तिला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का पाणवठ्यावर गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशीही. मुंगसांकडच्या हळदीकुंकवाचं बोलावणं कुंपणापर्यंत आलं आणि पुढच्या घरी गेलं. रेवतीने चालता चालता मान दुसरीकडे वळवली. रोज कुंपणावरून वाटी देणारी रेवती! तिच्या पाडसाचे पहिले दात चंद्राक्कानेच पाहिले होते.

"दे नाही तर नको देऊस," नवरा म्हणाला. "पण रात्रंदिवस उसासे टाकू नकोस. तुझे काटे टोचतात."

"तुम्ही काय केलं असतंत?"

"मी? मी पहिल्याच दिवशी खाऊन टाकला असता. कटकट गेली असती."

मुलांनो, इथे मला सांगता आलं असतं, की चंद्राक्का डोंगरासारखी खंबीर राहिली. शाळेच्या पुस्तकात ती राहिलीही असती. पण जिच्याशी पाणवठ्यावर कुणी बोलत नाही, तिने घरी जाऊन खंबीर कुणासमोर राहायचं? स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती वाफ्यात गेली. चिंधी सोडली. फळ तोडताना देठ लवकर तुटेना. झाडाने ते नीट धरून ठेवलं होतं.

घरी तिने चकती कापली. आत बी होतं, पण पांढरं, ओलं, दुधासारखं. अजून बी झालेलंच नव्हतं. तरी तिने काट्याच्या टोकाने ते थोडं बाजूला काढलं आणि राखेत चोळलं. राखेत ते विरघळून गेलं.

मग तिने काप केले. ताक नाही, मका नाही. मीठ, हळद, तिखट, तांदळाचं पीठ, रवा. हाताला जे येत होतं ते. तव्याभोवती तोच जुना आंबट-तिखट वास सुटला आणि नवरा आतून उठून आला. तिने त्याला एकही दिला नाही. सगळे ताटलीत मोजके मांडून ती स्पर्धेला घेऊन गेली.

सगळ्यांनी तिच्यासाठी जागा केली. रेवतीने तर मिठी मारायला हात पुढे केले, काटे आठवल्यावर नमस्कार केला.

वाघोबा आले. पहिल्या ताटलीतलं एक उचलून त्यांनी दाढेखाली धरलं. कर्रकन आवाज झाला. "वा!" दुसऱ्या ताटलीतलं, कर्रकन. "वा वा!" असं करत ते चंद्राक्कापाशी आले. काप तोंडात टाकला. त्यांच्या मिशा थरथरल्या, एक डोळा मिटला.

"यात काहीतरी आहे," ते म्हणाले.

"टोमॅटो आहे, महाराज," चंद्राक्का म्हणाली.

"हं. तोच मध्ये येतोय."

पहिला नंबर कुमुदिनीताईंचा आला. चंद्राक्काला उत्तेजनार्थ मिळालं. वाघोबा म्हणाले, "प्रयत्न प्रामाणिक आहे. आवरणाकडे लक्ष द्या."

चंद्राक्काची उरलेली ताटली जावईबापूंच्या पुढे ठेवली. सगळं जंगल मान उंच करून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, सगळे खाल्ले.

"फार सुंदर," ते म्हणाले. "काय म्हणतात याला?"

"फ्राइड ग्रीन टोमॅटो! तुमच्याच तिकडचं!" विमलताई म्हणाल्या.

"हो का? आमच्या घरी कुणी करत नाही. मी पहिल्यांदाच खातोय."

कुमुदिनीताईंनी तेवढ्यात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून बऱ्याच जणांना हे ऐकू आलं नाही.

पुढे लागवडीचे दिवस आले. बायकांनी वाफे उकरले, खत घातलं, आळी केली आणि वाट्या घेऊन चंद्राक्काच्या दारात रांग लावली.

"बी द्या, अक्का."

"बी नाही."

"नाही म्हणजे?"

"फळ कापलं ना. त्या दिवशी."

रांग पुटपुटायला लागली. संध्याकाळी खडकावर सभा भरली. वाघोबांना बोलावलं होतं. विमलताईंनी प्रश्न मांडला. त्यांना प्रश्न फार छान मांडता यायचे.

"जंगलातला टोमॅटो नष्ट झाला आहे. आपल्याला एवढंच ठरवायचं आहे, की शेवटचा टोमॅटो कुणी कापला?"

सगळ्या माना चंद्राक्काकडे वळल्या.

"अहो, पण तुम्हीच मागायला आला होतात!" चंद्राक्का म्हणाली.

"मागितला असेल. कापला कुणी?"

"आणि तुम्ही सगळ्यांनी आपापले तोडलेत, ते? रेवती, तू सांग. नणंद आली तेव्हा?"

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मनाने वाईट नव्हती. वाईट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. "आम्ही तोडले, अक्का, नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आम्ही खाल्ले तेव्हा जंगलात टोमॅटो होता. तुम्ही तुमचा कापलात, आणि मग नव्हता."

"बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"आम्ही तुमच्या भरवशावर होतो," सशीण म्हणाली.

"एवढासा टोमॅटो सांभाळता आला नाही," मुंगसाची थोरली जाऊ धाकटीला म्हणाली. त्या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

वाघोबांनी जांभई दिली आणि निकाल दिला. चंद्राक्का वयाने मोठी आहे, पहिलाच गुन्हा आहे, म्हणून शिक्षा नाही. पण तिला समज यावी यासाठी मंडळाने बियाणे संवर्धन कार्यशाळा घ्यावी आणि तिने पहिल्या रांगेत बसावं.

कार्यशाळा कुमुदिनीताईंनी घेतली. मागे लाल टोमॅटोचं मोठं चित्र लावलं होतं. पिल्लं विचारत होती, "आई, हे काय आहे?"

"आमच्या तिकडे एक फार चांगली पद्धत आहे," कुमुदिनीताई सांगू लागल्या. "झाडावर एक फळ राखून ठेवायचं. कुणी कितीही मागितलं तरी द्यायचं नाही. पूर्ण लाल होऊ द्यायचं. मगच त्यात बी धरतं. समजलं का, अक्का?"

सगळ्या जणी वळून चंद्राक्काकडे बघत होत्या. तिचे काटे उभे राहतात की काय म्हणून शेजारच्या दोघी जरा सरकून बसल्या. पण तसं काही झालं नाही.

"समजलं, ताई," ती म्हणाली.

रेवतीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका हो अक्का. चूक कुणाकडूनही होते. आम्ही तुम्हाला सांभाळून घेऊ."

मग टाळ्या झाल्या. अल्पोपाहार आला. चंद्राक्काने ताटलीतली एक सोनेरी, गोल, गरम चकती उचलली आणि दातांनी तोडली. आत काहीही नव्हतं.

"कुरकुरीत झालंय ना?" विमलताईंनी विचारलं.

"छान झालंय," चंद्राक्का म्हणाली. पाणवठ्यावर आता पुन्हा सगळ्या तिच्याशी बोलत होत्या.

तात्पर्य: मुलांनो, जी वस्तू सगळे मिळून संपवत असतील, ती आपणही सगळ्यांबरोबर, हसतखेळत, सुरुवातीलाच संपवावी. जपून अजिबात ठेवू नये. सुरुवातीला खाणाऱ्यांना कुणी नाव विचारत नाही. जपणाऱ्याच्या हातात मात्र ती शेवटपर्यंत राहते, आणि ती संपवली कुणी हे सांगायला मग सगळं जंगल हजर असतं.